ओडेटा : निनावी गाण्यांचा ताठ आवाज

लोकगीते गाणाऱ्या कलावंताकडे रसिकांची एक चमत्कारिक मागणी असते. शेतमजुराचे गाणे गाणाऱ्याने कधीतरी शेतात राबलेले असावे, कैद्याचे गाणे गाणाऱ्याच्या पायात एखादी तरी बेडी पडलेली असावी, असे रसिकाला वाटते. आवाज घोगरा हवा, उच्चार खेडवळ हवेत आणि ताल थोडा ओबडधोबड हवा. हे सारे असले म्हणजे गाणे 'अस्सल' ठरते. ओडेटा या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेचा 'ओडेटा सिंग्ज बॅलड्स अँड ब्लूज' हा १९५६ चा गीतसंग्रह या मागणीला दाद देत नाही. गाणी गुलामांची, कैद्यांची, खलाशांची आणि जुगाऱ्यांची आहेत, पण ती गाणारा गळा शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेला आहे. गाणी वाकलेल्या पाठींची आहेत आणि आवाज मात्र ताठ उभा आहे. या विसंगतीतच संग्रहाचे सारे मोल आहे, असे आमचे मत आहे. ते मत पटवून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम संग्रहाविषयी थोडी माहिती देणे अगत्याचे आहे. ट्रॅडिशन रेकॉर्ड्स ही न्यूयॉर्कची लहानशी कंपनी १९५६ मध्येच सुरू झाली होती. आयर्लंडहून आलेले पॅडी क्लॅन्सी हे तिचे एक प्रमुख चालक. मोठ्या कंपन्या ज्या गाण्यांकडे ढुंकून पाहत नसत, ती जुनी लोकगीते रेकॉर्डवर आणावीत हा तिचा हेतू नावातच उघड आहे. ओडेटाचे हे स्वतंत्रपणे केलेले पहिले ध्वनिमुद्रण. त्यापूर्वी १९५४ मध्ये लॅरी मोर या बँजोवादकाबरोबर तिची एक रेकॉर्ड निघाली होती. प्रस्तुत संग्रहात सोळा नोंदी आहेत. वाद्यवृंद नाही, साथीला कोरस नाही. एक आवाज आणि तिच्याच हातातली एक गिटार, एवढाच सरंजाम आहे.

नावातील दोन शब्दांचा उलगडा करायला हवा. बॅलड म्हणजे कथागीत. त्यात एखादी घटना सांगितलेली असते आणि ती सांगणारा स्वतः बाजूला उभा असतो. ब्लूज ही अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांनी घडवलेली गानपद्धती. तिच्यात गाणारा स्वतःचेच दुःख, स्वतःची फजिती आणि स्वतःचा हट्ट मांडतो. एकीत 'तो' आहे, दुसरीत 'मी' आहे. ओडेटाच्या गळ्यात हा 'तो' आणि हा 'मी' कुठे एकमेकांत मिसळतात ते कळत नाही. ती घटना सांगते तेव्हा साक्षीदार वाटते, आणि स्वतःचे सांगते तेव्हा हजारोंची वकील वाटते.

ओडेटा होम्स हिचा जन्म ३१ डिसेंबर १९३० रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरी झाला. वर्णद्वेषाच्या बाबतीत हे शहर कुप्रसिद्ध होते. वडील लवकर वारले. १९३७ मध्ये आई मुलींना घेऊन लॉस एंजेलिसला निघाली. त्या प्रवासात रेल्वेच्या कर्मचाऱ्याने डब्यातील सर्व काळ्या माणसांना उठवून दुसऱ्या डब्यात जाण्यास फर्मावले. आपल्या मनावरची ही पहिली मोठी जखम, असे ओडेटाने पुढे सांगितले आहे. शाळेत तिचा आवाज लक्षात आला आणि तेराव्या वर्षापासून तिला पाश्चात्त्य शास्त्रीय गायनाची तालीम मिळू लागली. मुलगी दुसरी मॅरियन अँडरसन व्हावी ही आईची इच्छा होती. मॅरियन अँडरसन ही त्या काळातली थोर कृष्णवर्णीय गायिका. पण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर पाऊल ठेवण्यासाठी तिलाही १९५५ साल उजाडेपर्यंत थांबावे लागले. तोवर त्या रंगमंचावर एकाही काळ्या गायकाला संधी मिळालेली नव्हती. आपल्यासारख्या थोराड बांध्याच्या काळ्या मुलीला तेथे कोण उभे करणार, हे ओडेटाने वेळीच ओळखले. दिवसा घरकाम आणि रात्री कॉलेजात संगीताचे शिक्षण, असे तिचे दिवस गेले. १९४९ मध्ये ती एका संगीत नाटकाच्या कंपनीत दाखल झाली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत तिला लोकगीते गाणाऱ्या तरुणांची संगत मिळाली आणि तिची वाट कायमची बदलली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही गाणी ओडेटाने कापसाच्या शेतात ऐकलेली नव्हती. ती तिच्यापर्यंत आली ती शहरातल्या हौशी मंडळींच्या बैठकांतून आणि संग्राहकांच्या मेहनतीतून. म्हणजे परंपरा तिला वारशाने घरबसल्या मिळाली नाही. तिला ती शोधून, शिकून आणि रियाज करून मिळवावी लागली. शाळेत तिला जो इतिहास शिकवला गेला, त्यात तिच्या पूर्वजांची मान सदैव खाली होती. गाण्यांतला इतिहास मात्र निराळा निघाला. त्यात राबणारी, पळणारी, शाप देणारी, हसणारी आणि जगण्याचा हट्ट न सोडणारी माणसे होती. आपल्या मनात साठलेला द्वेष आणि संताप आपण तुरुंगातल्या गाण्यांवाटे बाहेर काढला, हे तिने उत्तरायुष्यातील मुलाखतींतून निःसंकोचपणे सांगितले आहे.

तुरुंगातल्या गाण्यांचा उल्लेख आला म्हणून त्यामागची हकिकत सांगतो. अमेरिकेत १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. परंतु त्याच दुरुस्तीत एक पळवाट राहिली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी करून घेण्यास तिने मुभा ठेवली. दक्षिणेकडील राज्यांनी या पळवाटेचा राजरस्ता केला. बेकार भटकणे यांसारख्या किरकोळ आरोपांवरून काळ्या माणसांना पकडायचे आणि खाणमालक, मळेवाले, रेल्वेचे कंत्राटदार यांना कैदी भाड्याने द्यायचे, असा व्यवहार सुरू झाला. अलाबामा राज्यात ही भाडोत्री पद्धत १९२८ पर्यंत चालू होती. ओडेटाच्या जन्माआधी अवघी दोन वर्षे! साखळीने जखडलेल्या कैद्यांच्या टोळ्या रस्ते फोडीत, लाकडे तोडीत आणि तेच काम करताना गात. त्या गाण्यांना कामाचा ताल होता. सगळ्यांच्या कुऱ्हाडी एकदम पडल्या तर अपघात टळतो. आणि गाण्याची लय थोडी संथ धरली तर थकलेला किंवा म्हातारा सोबतीही मागे पडत नाही, मुकादमाच्या मारातून वाचतो. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीने श्रम हलके केले, हे आपण जाणतो. तेथे गाण्याने कधी कधी माणसाचा जीवही राखला.

आता प्रत्यक्ष गायनाकडे वळू.

'अनदर मॅन डन गॉन' हे संग्रहातील सर्वश्रेष्ठ गाणे आहे असे आम्ही मानतो. या गाण्यात ओडेटाने गिटार खाली ठेवली आहे. केवळ आवाज आणि टाळीचा ठोका. एक माणूस निघून गेला आहे. त्याच्या अंगावर साखळी होती. तो पळाला की मारला गेला हे गाणे स्पष्ट सांगत नाही. गाणारी एवढेच म्हणते की त्याचे नाव तिला माहीत नाही. वरवर पाहता हा परकेपणा वाटेल. पण क्षणभर थांबून विचार केला की अंगावर काटा येतो. शिपाई दारात येऊन चौकशी करीत असताना असेच उत्तर द्यायचे असते. नाव ठाऊक नसणे हे येथे अज्ञान नव्हे, ती ढाल आहे. ओडेटा हे शब्द रडवेल्या सुरात म्हणत नाही. तिचा आवाज सपाट, कोरडा आणि निश्चल राहतो, जणू साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून ती मोजके बोलते आहे. टाळीचा प्रत्येक ठोका मात्र लपवलेले सारे सांगून जातो. तो चालणाऱ्या पावलांचा ठोका असेल, साखळीचा असेल किंवा छातीतला असेल.

उर्दूच्या वाचकाला येथे सोजख्वानीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. सोजही वाद्याविना म्हटला जातो. चांगला सोजख्वान स्वतः हुंदके देत नाही. तो सूर आवरून धरतो आणि रडण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपवतो. जो मर्सिया म्हणतानाच कोसळतो त्याच्या दर्दाविषयी शंका नसेल, पण त्याची मजलिस विस्कळीत होते. ओडेटाला हे भान शास्त्रीय तालमीने दिले. श्वास कुठे राखावा, सूर किती उघडावा, कुठे मुद्दाम दाबून ठेवावा, हे तिला पक्के ठाऊक आहे. म्हणूनच या गाण्यातला संताप ओसंडून वाया जात नाही. तो आत तापत राहतो.

'म्यूलस्किनर ब्लूज' याचा बाज अगदी वेगळा. खेचरे हाकणारा गडी काम मागायला आला आहे आणि आपल्या कसबाची बढाई मारतो आहे. हे गाणे मुळात जिमी रॉजर्स या गोऱ्या गायकाने १९३० मध्ये रेकॉर्ड केलेले. ओडेटाच्या गळ्यात त्याचा रंग पालटतो. काम मागणारा माणूस लाचार वाटत नाही, मालकाशी बरोबरीने बोलतो. तिचा आवाज खालच्या पट्टीतल्या खर्जातून उसळी मारून वर जातो तेव्हा चाबकाचा फटकारा ऐकू आल्यासारखे वाटते. विशेष म्हणजे गडी, कैदी, जुगारी, खलाशी या सगळ्या पुरुषांच्या भूमिका ओडेटा जशाच्या तशा घेते. गाणे बाईच्या तोंडी शोभावे म्हणून ती ते गोड करीत नाही. त्या काळी गायिकेने नाजूक दिसावे, नाजूक गावे, केस सरळ करून घ्यावेत, अशी रीत होती. ओडेटाने आपले कुरळे केस नैसर्गिक ठेवले आणि आवाजही नैसर्गिक, भरदार ठेवला. काळ्या स्त्रीचे शरीर आणि आवाज यांना लाजण्याचे कारण नाही, हे तिने भाषण न देता सांगितले.

धार्मिक गाण्यांचा गट या संग्रहात मोठा आहे. 'जोशुआ'मध्ये जेरिको शहराच्या भिंती कोसळतात. 'गॉड्ज गॉना कट यू डाउन'मध्ये पापी माणसाला ताकीद आहे की आज ना उद्या पकड येणारच. 'बुक्ड अँड स्कॉर्न्ड'मध्ये अपमानित माणसाची कैफियत आहे. गुलामांना बायबल शिकवले ते आज्ञाधारक व्हावेत म्हणून. त्यांनी त्यातून नेमक्या बंदिवानांच्या सुटकेच्या आणि जुलमी राजांच्या नाशाच्या कथा उचलल्या. पोथी मालकाची, अर्थ गुलामाचा. ओडेटा ही गाणी भजनासारखी डोळे मिटून गात नाही. 'गॉड्ज गॉना कट यू डाउन' गाताना ताकीद कुणाला आहे, याविषयी तिच्या सुरात तिळमात्र संदिग्धता नाही. पुढे जॉनी कॅशने हेच गाणे गायले. त्याच्या मृत्यूनंतर २००६ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. कॅशच्या गाण्यात मृत्यूच्या दारातल्या म्हाताऱ्याचा पश्चात्ताप आहे. ओडेटाच्या गाण्यात न्यायाचा तगादा आहे.

संग्रहाच्या अखेरीस येते ती 'स्पिरिच्युअल ट्रिलॉजी', म्हणजे तीन अध्यात्मगीतांची एक सलग माळ. पहिले 'ओ फ्रीडम', दुसरे 'कम अँड गो विथ मी', तिसरे 'आय अ‍ॅम ऑन माय वे'. प्रथम स्वातंत्र्याचा उच्चार, मग सोबत्याला आमंत्रण, मग प्रत्यक्ष प्रयाण, असा या तिघांचा क्रम आहे. पहिल्यात आवाज जमिनीलगत सुरू होतो. तिसऱ्यात गिटारची लय पावलांची होते आणि गाणारी एकटी राहत नाही, तिच्यामागे मोठा जमाव चालतो आहे असा भास होतो. हा भास सात वर्षांनी खरा ठरला. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या महामोर्चात, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपले विख्यात भाषण केले त्याच दिवशी, याच त्रयीतले गाणे ओडेटा लाखोंच्या समुदायापुढे गायली. १९५६ मध्ये ध्वनिमुद्रण होत होते तेव्हा मॉन्टगोमरीतील बसबहिष्कार चालू होता. काळ्यांच्या चळवळीला अजून स्वतःचे गाणे सापडायचे होते, ते ओडेटाच्या गळ्यात आधीच तयार होते. किंग यांनी तिला अमेरिकन लोकसंगीताची राणी म्हटले, त्यात उगाच केलेली स्तुती नव्हती.

इतके कौतुक केल्यावर दोष न दाखवणे हे समीक्षकाच्या इमानास धरून होणार नाही. 'इफ आय हॅड अ रिबन बो' हे केसात फीत माळण्याची इच्छा करणाऱ्या मुलीचे गाणे. ओडेटाचा भारदस्त आवाज त्याला पेलवत नाही असे नव्हे, तो ते चिरडून टाकतो. 'शेम अँड स्कँडल' हे कॅलिप्सो पद्धतीचे खट्याळ गाणे, १९४३ च्या एका चित्रपटात सर लॅन्सलॉट या गायकाने गायलेले. त्याला हवी डोळ्यातली मिस्कील चमक आणि जिभेवरची चपळाई. येथे मिळते ती गंभीर मुद्रा. कुचाळक्या करणाऱ्या शेजाऱ्याच्या जागी न्यायाधीश येऊन बसावा तसे होते. थोडक्यात, ज्या गाण्यात काही पणाला लागलेले आहे तेथे ओडेटा अजोड आहे. जेथे नुसतीच गंमत आहे तेथे ती परकी वाटते. सोळा गाणी सलग ऐकताना एकाच वजनाचा थोडा थकवाही येतो. १९५७ च्या 'अ‍ॅट द गेट ऑफ हॉर्न' या पुढच्या संग्रहात बिल ली यांच्या बासची साथ घेतल्यावर हा भार काहीसा वाटला गेला.

दुसरा आक्षेप गायिकेवर नाही, एका शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे 'पारंपरिक'. असे गाणे कुणाचेच नसते, म्हणून ते सर्वांचे, असा आपला गोड समज आहे. पण 'अनदर मॅन डन गॉन' आपल्यापर्यंत आले कसे? १९४० मध्ये अलाबामातील लिव्हिंग्स्टन या गावी जॉन लोमॅक्स या संग्राहकाने व्हेरा हॉल नावाच्या स्त्रीच्या आवाजात ते टिपून घेतले म्हणून. व्हेरा हॉल धुणीभांडी आणि स्वयंपाक करून पोट भरीत असे. १९६४ मध्ये ती वारली. १९९९ मध्ये मोबी या संगीतकाराने तिचा आवाज आपल्या एका गाण्यात वापरला आणि ते गाणे जगभर वाजले. ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांनी तिचे नाव घेतले असेल? गाण्यातल्या कैद्याचे नाव गाणारीने जाणूनबुजून लपवले, त्याला वाचवण्यासाठी. खुद्द गाणारीचे नाव मात्र जगाने बेपर्वाईने गाळले. ही दोन निनावीपणे एक नव्हेत. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात अन्याय आहे. आमच्या आयाबहिणींनी हळदीला, मेंदीला, पाळण्याला म्हटलेली दखनी गीते आम्ही 'पारंपरिक' या एका शब्दात गुंडाळून ठेवतो, तेव्हा आम्हीही हेच करतो. गीत लिहून घ्यावे, आणि म्हणणारीचे नाव, गाव, वयही लिहावे. एवढा धडा तरी या संग्रहाने आम्हांस द्यावा.

या अंकाच्या वाचकांना एक प्रश्न स्वाभाविकपणे पडेल. पश्चिम आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांत मुसलमानही होते. उत्तर कॅरोलायनात गुलामीत राहिलेल्या उमर इब्न सईद यांनी १८३१ मध्ये अरबीत लिहिलेले आत्मवृत्त उपलब्ध आहे. शेतात एकट्याने घातलेली लांब, वळणावळणाची साद, जिला तिकडे 'फील्ड हॉलर' म्हणतात आणि जिच्यातून ब्लूज उमलला असे मानतात, तिचे अजान आणि तिलावत यांच्या सुरावटीशी नाते असावे, असे सिल्व्हिएन दियूफ यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले आहे. गेरहार्ड कुबिक यांनीही ब्लूजचे धागे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील, इस्लामचा प्रभाव असलेल्या पट्ट्यापर्यंत नेले आहेत. हा अभ्यास मोलाचा आहे आणि आपण तो वाचावा. परंतु त्यावरून ब्लूज 'आपलाच' आहे अशी मिरवणूक काढू नये, असे आमचे नम्र सांगणे आहे. ते संगीत ज्यांनी घडवले त्यांचा धर्म, भाषा आणि नाव एकेक करून हिरावले गेले होते. हाती उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी नवे काही उभारले. त्या उभारणीचा मान त्यांचा आहे. आपण त्यातली एखादी ओळखीची लकेर ऐकून आदराने स्तब्ध व्हावे, इतकेच.

मराठीला कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयाची ओळख आहे आणि ती करून देण्याचे श्रेय निःसंशय दलित साहित्याच्या चळवळीकडे जाते. डॉ. म. ना. वानखेडे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयातून तो विषय मांडला. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्यावर विपुल लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. मात्र या साऱ्या देवाणघेवाणीत कविता आली, कादंबरी आली, जाहीरनामे आले. गाणे फारसे आले नाही. जे एक आले ते इतके आपले झाले की त्याचा उगम विसरला गेला. आम्ही शिकवतो त्या उर्दू शाळेत मुले 'हम होंगे कामयाब' म्हणतात. ते गिरिजाकुमार माथुर यांनी केलेले 'वुई शॅल ओव्हरकम'चे हिंदी रूप आहे. चर्चमधले जुने गाणे तंबाखू कारखान्यातल्या संपकरी काळ्या स्त्रियांच्या ओठी आले, तेथून चळवळीत गेले आणि सातासमुद्रापार आमच्या वर्गात पोचले. ओडेटाचा संग्रह म्हणजे याच गाण्याच्या कुळातल्या वडीलधाऱ्यांची भेट होय.

आता आरंभी मांडलेल्या अस्सलपणाच्या मुद्द्याचा निकाल लावू. ओडेटावर टीका झाली ती अशी की तिचा आवाज लोकगीतांच्या मानाने फार घोटीव आहे, त्याला ऑपेराचा वास येतो. ही टीका आम्हांस ओळखीची वाटते. मुस्लिम लेखक शुद्ध, प्रमाण मराठीत लिहितो तेव्हा त्याला विचारले जाते, "तुमची ती खास बोली कुठे गेली?" तो बोलीत लिहितो तेव्हा सांगितले जाते की भाषा जरा सुधारा. पहिल्या मागणीत कौतुकाचा आव असतो, पण तिच्या पोटात एक गृहीत दडलेले असते. या माणसांनी आपले दुःख कच्च्या मालाच्या स्वरूपात आणून द्यावे. त्याला आकार देणे, त्यावर विचार करणे, हे काम आमचे. ओडेटाने हे गृहीत अमान्य केले. आमच्या आजोबांचे दुःख आम्ही घोटलेल्या सुरात गाऊ, कारण ते त्या योग्यतेचे आहे, असे जणू तिचे म्हणणे. युरोपच्या राजेरजवाड्यांच्या नाटकांसाठी जो श्वासाचा अभ्यास लागतो, तोच साखळीतल्या कैद्याच्या गाण्यासाठी लागावा, ही केवढी मोठी प्रतिष्ठा आहे! परंपरेशी प्रामाणिक राहणे म्हणजे तिचे फाटके कपडे घालून हिंडणे नव्हे.

आमच्या साहित्यातही व्यथा-वेदना पुष्कळ आहे. मेळाव्यांतून, अंकांतून ती वाचायला मिळते आणि तिच्या खरेपणाविषयी आम्हांला शंका नाही. उणीव आहे ती रियाजाची. वेदना खरी आहे म्हणून कविता आपोआप चांगली होते, ही समजूत आम्ही सोडली पाहिजे. ओडेटाजवळही संताप होता, आणि तो कुणाहून कमी नव्हता. तिने त्याला तालमीत घातले, म्हणून साडेसहा दशके उलटून गेल्यावरही तो थंड झालेला नाही.

या संग्रहाचा पुढचा परिणाम सर्वज्ञात आहे. बॉब डिलन यांनी १९७८ च्या एका मुलाखतीत सांगितले की लोकगीतांकडे आपल्याला प्रथम खेचले ते ओडेटाने. रेकॉर्डच्या दुकानात तिचे गाणे ऐकून त्यांनी आपली विजेवरची गिटार देऊन साधी गिटार घेतली. डिलन यांना २०१६ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले. ओडेटाला १९९९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय कलापदक मिळाले, पण तिच्या वाट्याला तेवढी कीर्ती आली नाही. २ डिसेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले. पुढच्या जानेवारीत बराक ओबामा यांच्या शपथविधीला गाण्याची तिची उमेद अपुरी राहिली.

ज्यांना इंग्रजी गाण्यांची सवय नाही त्यांनी शब्द कळत नाहीत म्हणून बिचकू नये. प्रथम 'अनदर मॅन डन गॉन' ऐकावे, तेही एकट्याने आणि दिवसभराचा गोंगाट निवल्यावर. मग 'म्यूलस्किनर ब्लूज' आणि शेवटी ती त्रयी. वेदनेला शिस्त लावली तर तिचे काय होते, हे आमच्या कविमित्रांना तेवढ्या वेळात आमच्या या सबंध लेखाहून अधिक कळेल.